हात हलतोय की रायफल? एअर रायफलचं ट्यूनिंग, पहिल्यापासून

आज एअर रायफलच्या ट्यूनिंगबद्दल बोलायचंय. शक्य असेल तर वही-पेन जवळ घ्या. आकडे थोडे आहेत, पण ते कामाचे आहेत.

एअर रायफल घेतल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हिचा स्पीड कसा वाढवायचा?" जाहिरातीत हजार एफपीएस लिहिलेलं असतं, यूट्यूबवर कुणीतरी जाड स्प्रिंग टाकून डबे फोडत असतं. मग वाटतं, जास्त वेग म्हणजे जास्त चांगली रायफल. हा प्रश्नच चुकीचा आहे. बरोबर प्रश्न असा: माझ्या रायफलचा वेग प्रत्येक शॉटला सारखा आहे का? आणि त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे, जास्त महत्त्वाचा: माझा शॉट भरकटतो तेव्हा दोष हाताचा की रायफलचा?

हे माहीत नसलं की दोन गोष्टी होतात. एखादा चांगला हात असलेला मुलगा किंवा मुलगी "आपल्याला जमतच नाही" म्हणून खेळ सोडते, आणि दोष असतो एका ढिल्या स्क्रूचा. नाहीतर उलट. रायफल ठणठणीत असते, सराव कमी पडत असतो, आणि घरच्यांचे पैसे नव्या बॅरलवर, नव्या स्कोपवर उडतात. दोन्ही टाळता येतं.

आधी टार्गेटचा हिशोब

ऑलिंपिकमधली १० मीटर एअर रायफल घेऊ. पेलेट, म्हणजे आपला छर्रा, ४.५ मिलिमीटरचा. टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. नऊच्या रिंगचा व्यास ५.५ मिलिमीटर. म्हणजे एका रिंगपासून दुसरीपर्यंत अंतर अडीच मिलिमीटर. आता स्कोअर दशांशात मोजतात, सर्वोत्तम शॉट १०.९. त्यामुळे दशांश एक गुण म्हणजे पाव मिलिमीटर. एवढासा फरक!

हा फरक किती महाग पडतो? २०१६ ची रिओ ऑलिंपिक आठवा. २००८ ला बीजिंगमध्ये याच प्रकारात सुवर्ण जिंकलेला अभिनव बिंद्रा फायनलमध्ये युक्रेनच्या सेर्ही कुलिशबरोबर १६३.८ वर बरोबरीत होता. शूट-ऑफ झाला. कुलिशचा शॉट १०.५, अभिनवचा १०.०. अभिनव चौथा राहिला. अर्धा गुण, म्हणजे केंद्रापासूनच्या अंतरात सव्वा मिलिमीटर. तिथे रायफलचा दोष होता असं अजिबात नाही, फक्त सव्वा मिलिमीटरची किंमत कळावी म्हणून सांगितलं.

आता वेग. मॅच रायफलचा वेग साधारण १७० ते १७५ मीटर प्रति सेकंद असतो. जाहिरातीच्या भाषेत ५६० ते ५७५ एफपीएस. हो, एवढाच! १७० च्या वेगाने जाणारा पेलेट १० मीटरवर पोहोचेपर्यंत सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. १७५ चा पेलेट सुमारे १६ मिलिमीटर. हवेचा अडथळा सोडून केलेला हा ढोबळ हिशोब आहे, पण मुद्दा कळतो. ५ मीटर प्रति सेकंदाचा फरक म्हणजे टार्गेटवर १ मिलिमीटर, म्हणजे ०.४ गुण. तुम्ही नेम अगदी तोच धरलात, ट्रिगर तसाच दाबलात, तरी. ६० शॉटच्या मॅचमध्ये हे किती वेळा होऊ शकतं, तुम्हीच बघा.

आणि अंतर वाढलं की हा फरक झपाट्याने वाढतो. २५ मीटरवर तेच ५ मीटर प्रति सेकंद सुमारे ६ मिलिमीटरला पडतात.

हजार एफपीएसचं काय? तो आकडा बऱ्याचदा अगदी हलके पेलेट वापरून काढलेला असतो. शिवाय वेग ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे ११०० एफपीएसच्या आसपास गेला, की कंबर बारीक असलेला आपला पेलेट डगमगायला लागतो. वेग मिळतो, नेम जातो.

सुरू करण्याआधी दोन नियम

पहिला सुरक्षेचा. नळी कायम सुरक्षित दिशेला. डोळ्यांवर चष्मा. मागे पेलेट अडवणारा पक्का ट्रॅप. नळी मोडून लोड करायच्या रायफलमध्ये पेलेट घालताना एका हाताने नळी घट्ट धरा, झटक्याने बंद झाली तर बोटं जातात. पेलेट शिशाचे असतात, म्हणून रेंजवर वडापाव खायच्या आधी हात साबणाने धुवा.

दुसरा कायद्याचा. भारतात ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. मॅच रायफलची ऊर्जा ८ ज्यूलच्या आसपास असते. जाड स्प्रिंग घालून, व्हॉल्व्हमध्ये फेरफार करून तुम्ही २० ज्यूलच्या वर गेलात, तर घरात विनापरवाना शस्त्र ठेवल्यासारखं होतं. आणि पक्ष्या-प्राण्यांवर नेम धरायचा नाही. वन्यजीव कायदा आहेच, पण तो नसता तरी धरायचा नव्हता.

पायरी एक: मोजा

क्रोनोग्राफ नावाचं यंत्र असतं, रेंजवर सगळे "क्रोनो" म्हणतात. पेलेट दोन सेन्सरवरून जातो, मधल्या वेळेवरून वेग कळतो. स्वतःचा नसेल तर क्लबमध्ये विचारा, दोन-चार जणांत मिळून घेतला तरी चालतो. ट्यूबलाइटखाली आणि स्वस्त एलईडीखाली उघड्या सेन्सरचे क्रोनो कधीकधी भलतेच आकडे दाखवतात, कारण ते दिवे सतत लुकलुकत असतात, आपल्याला दिसत नाही एवढंच. त्यामुळे क्रोनो नेहमी त्याच जागी, त्याच उजेडात, नळीपासून तेवढ्याच अंतरावर ठेवा.

दहा शॉट मारा आणि दहाही आकडे लिहा. पाच शॉटवर विश्वास ठेवू नका, पाच शॉट नशिबानेही छान येतात.

समजा, एका रायफलचे आकडे असे आले: १७२, १७३, १७१, १७२, १७४, १७२, १७३, १७१, १७२, १७३. सगळ्यात जास्त वजा सगळ्यात कमी, म्हणजे १७४ वजा १७१, फरक ३. दुसरीचे आले: १८२, १७६, १८५, १७८, १८८, १७५, १८३, १७९, १८६, १७७. सरासरी जास्त आहे, जवळपास १८१. पण फरक १३! पहिलीत वेगामुळे होणारा वर-खाली फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास राहील. दुसरीत तो २ मिलिमीटरच्या वर जाईल. दुकानात दुसरी "पॉवरफुल" म्हणून विकली जाईल. मॅचला पहिली न्या.

आता क्रोनोबरोबर टार्गेटही बघा. रायफल टेकवून मारा. जुन्या जीन्सच्या पायात वाळू भरून दोन्ही टोकं शिवली की झकास पिशवी होते. मॅचची पीसीपी रायफल शिकंज्यात धरूनही तपासतात. स्प्रिंगची रायफल मात्र शिकंज्यात आवळू नका. तिला मागे-पुढे झटका बसतो, आवळली तर ग्रुपही खोटा येतो आणि दस्ता तडकू शकतो. ती पिशवीवर हलकीच ठेवा.

यातून तीन निकाल लागतात. लिहूनच घ्या.

क्रोनो स्थिर, टेकवून मारलेला ग्रुप लहान, पण खांद्यावरून मारला की मोठा: रायफल निर्दोष आहे. पैसे खिशात ठेवा आणि सरावाला लागा.

क्रोनो स्थिर, पण टेकवूनही ग्रुप मोठा: हवेचा प्रश्न नाही. पेलेट, नळीचं तोंड, ढिले स्क्रू, हलणारी साइट, यांच्यात शोधा.

क्रोनोच अस्थिर, आणि ग्रुप उभा लांबट: हवा नीट मिळत नाही किंवा कुठेतरी गळते आहे. प्रत्येक शॉटसमोर त्याचा वेग लिहा. कमी वेगाचे शॉट खाली पडताना दिसले, की चोर सापडला.

पायरी दोन: फुकटच्या गोष्टी

दस्त्याचे स्क्रू तपासा. स्प्रिंगच्या रायफलमध्ये झटक्याने ते स्वतःहून ढिले होतात. पिळून टाकू नका. प्रत्येक वेळी तेवढाच जोर लागला पाहिजे, हे महत्त्वाचं. साइट किंवा स्कोपचे माउंट हाताने हलवून बघा.

मग नळीचं तोंड, ज्याला क्राउन म्हणतात. पेलेट नळीला शेवटचा तिथे शिवतो. तिथे एका बाजूला खरचटलं असेल तर हवा एका बाजूने आधी सुटते आणि पेलेटला तिरकं ढकलते. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा आणि कापूस त्या कडेवरून हलकेच फिरवा. तंतू एकाच जागी अडकत असतील तर तिथे कोर निघाली आहे. दुरुस्ती बंदुकीचं काम जाणणाऱ्याकडून करून घ्या, घरच्या ड्रिलने नको.

नळी मोडून लोड करायच्या रायफलला एक सोपी चाचणी आहे. जिथे नळी बंद होते त्या सांध्यावर टिश्यू पेपरचा छोटा तुकडा ठेवा आणि पेलेट घालून सुरक्षित दिशेला शॉट मारा. कागद उडाला तर तिथून हवा गळते आहे. बऱ्याचदा दोष एका छोट्या रबरी सीलचा असतो, आणि ते बदलणं सगळ्यात स्वस्तातलं ट्यूनिंग आहे.

पायरी तीन: पेलेट

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. मॅचचे पेलेट सपाट डोक्याचे असतात, कागदावर गोल स्वच्छ भोक पाडतात. वजन साधारण अर्धा ग्रॅम. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे दिसतील, तो डोक्याचा व्यास. प्रत्येक नळीला वेगळा आकार मानवतो. मित्राच्या रायफलला आवडलेला पेलेट तुमच्या रायफलला आवडेलच असं नाही, मग दोन्ही रायफली एकाच कंपनीच्या का असेनात.

वजनाचा हिशोब बघा. पेलेट ०.५३ ग्रॅमचा आहे आणि त्यात ०.०१ ग्रॅमचा फरक पडला, तर वजन सुमारे २ टक्के बदललं. वेग साधारण १ टक्का बदलतो, म्हणजे पावणेदोन मीटर प्रति सेकंदाच्या जवळपास. टार्गेटवर एक तृतीयांश मिलिमीटर. वजन करून पेलेट वेगळे काढायचे असतील तर मिलिग्रॅम दाखवणारा काटा लागेल. ऑनलाइन मिळणारा ०.०१ ग्रॅमचा काटा इथे आंधळा ठरतो.

पण वजन करण्याआधी नुसतं बघा. स्कर्ट, म्हणजे पेलेटची मागची पातळ घागर, चेपलेली असेल तर तो पेलेट सरावातही नको. चेपलेल्या कडेतून हवा निसटते. डबा आपटू नका, पेलेट खिशात सुटे टाकू नका.

चाचणी अशी करा: तीन-चार प्रकार, प्रत्येकाचे दहा-दहा शॉट, त्याच दिवशी, त्याच टेक्यावर. प्रकार बदलला की पहिले काही शॉट मोजू नका, नळीला नव्या पेलेटची सवय होऊ द्या. ज्याचा ग्रुप लहान तो आपला. मग डब्यावरचा लॉट नंबर लिहून ठेवा आणि परवडेल तेवढे डबे त्याच लॉटचे घ्या. नवा लॉट आला की पुन्हा चाचणी.

पायरी चार: साफसफाई, पण बेताने

नळीत शिशाचा पातळ थर बसतो आणि तो बसल्यावरच नळी स्थिर होते. रोज घासून साफ केलीत तर रोज नव्याने सुरुवात. ग्रुप बिघडायला लागला की साफ करा. फेल्टच्या गोळ्या किंवा दोरीने ओढायचं कापड वापरा. लोखंडी गज नळीत घालू नका. साफ केल्यावर थोडे शॉट मारून मगच मोजमाप घ्या.

पायरी पाच: रायफलचा प्रकार बघून

स्प्रिंगची रायफल असेल तर तेलाचा मोह टाळा. पिस्टनसमोर तेल गेलं की दाबाने तापलेल्या हवेत ते पेटतं. त्याला डिझेलिंग म्हणतात, कारण डिझेल इंजिनात हेच होतं. धूर येतो, आवाज मोठा येतो, वेग अचानक वाढतो. पोरं खूश होतात, पण सील जळतं आणि आकडे सैरभैर होतात. पेलेट न घालता चाप ओढू नका, पिस्टन थेट आपटतो. जाड स्प्रिंगही नको. झटका वाढतो, आणि पेलेट नळीत असतानाच रायफल जास्त हलते. म्हणून स्प्रिंगची रायफल सैल हाताने, रोज तशीच, त्याच जागी धरायची. मोजायच्या आधी दहा-पंधरा शॉट मारून ती तयार करा. आणि स्प्रिंग उघडायला कॉम्प्रेसर लागतो. दाबलेली स्प्रिंग मोकळी सुटली तर तोंड फोडते.

पीसीपी असेल, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच हवा भरलेली, तर आधी विचारा: रेग्युलेटर आहे का? नसेल तर पूर्ण भरलेल्या सिलिंडरपासून मारत जा आणि प्रत्येक शॉटचा वेग व मधूनमधून दाब लिहा. साधारणपणे वेग आधी चढतो, मग सपाट राहतो, मग उतरतो. सुरुवातीला दाब इतका असतो की व्हॉल्व्ह पुरेसा उघडतच नाही. तो मधला सपाट भाग तुमचा. तेवढ्याच दाबात खेळा, सिलिंडर गच्च भरायचा हट्ट सोडा.

रेग्युलेटर असेल तर तो प्रत्येक शॉटला सारखा दाब देतो. तो बिघडत असेल तर एक खूण दिसते. रायफल पंधरा मिनिटं तशीच ठेवा, मग पहिला शॉट मारा. पहिल्या शॉटचा वेग दर वेळी वेगळा पडत असेल, तर रेग्युलेटर बसल्या बसल्या दाब झिरपू देतोय. आत सील किंवा कचरा. हे काम घरी नको, जाणकार तंत्रज्ञाकडे द्या. दाब असताना काहीही उघडायचं नाही. सिलिंडरमध्ये फक्त कोरडी स्वच्छ हवा, ऑक्सिजन कधीच नाही. आणि सिलिंडरवरची मुदत बघा. मॅच रायफल बनवणाऱ्या जर्मन कंपन्या ती साधारण १० वर्षांची देतात, आणि मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत वापरता येत नाही.

सेकंड-हँड रायफल घेताना हीच यादी न्या. सिलिंडरची तारीख, क्राउन, दहा शॉटचे आकडे, पंधरा मिनिटांनंतरचा पहिला शॉट. विकणारा "क्रोनो कशाला, भारी चालते" म्हणाला, तर नम्रपणे चहा पिऊन निघा.

एका वेळी एकच बदल

शेवटचा नियम, आणि हाच सगळ्यात जास्त मोडला जातो. एका दिवशी पेलेट बदलला, स्क्रू आवळले, नळी साफ केली, आणि ग्रुप सुधारला. कशामुळे? कळणार नाही. महिन्याने पुन्हा बिघडला की पुन्हा अंधार. म्हणून एक बदल, दहा शॉट, नोंद. मग दुसरा बदल. वहीत तारीख, पेलेटचा लॉट, दाब, हवामान, सरासरी आणि फरक. मोबाइलवर एक्सेल शीट केलीत तरी चालेल, पण टार्गेटचा फोटो त्याच पानावर हवा.

सुधारत सुधारत एक दिवस असा येतो की क्रोनो सांगतो, रायफल आता स्थिर आहे. तिथे थांबा. पुढचे दशांश गुण पान्याने मिळत नाहीत. ते श्वास, ट्रिगर आणि उभं राहण्याच्या पद्धतीतून येतात. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला. त्या पातळीवर सगळ्यांच्याच रायफली स्थिर असतात. फरक रायफलमागच्या माणसाचा असतो. ट्यूनिंग फक्त एवढंच करतं की रायफल तुमच्याबद्दल खोटं बोलणं थांबवते.

या आठवड्याचा गृहपाठ: दहा शॉट, दहा आकडे, एक ग्रुपचा फोटो. रायफलला हात लावू नका, फक्त मोजा. पुढच्या भागात ट्रिगर बघू, त्याचं वजन आणि पहिला-दुसरा टप्पा. तोवर नळी सुरक्षित दिशेला, आणि बोट ट्रिगरच्या बाहेर. भेटू!